खांबाआडचा शॉर्टस्टॉप

शिओहामा
१६ मे २०१७

चि. मिनाए,

पत्राच्या सुरुवातीला ऋतूबद्दल, फुलांबद्दल चार ओळी लिहायची आपली रीत आहे. ती आज राहू दे. मी चिडले आहे आणि तुझ्यावरच चिडले आहे.

कालच्या खेळाच्या पेपरात छापून आलंय की आपल्या बेसबॉल संघाचा सेनबा हा लीगच्या सहा संघांतल्या शॉर्टस्टॉपमध्ये सगळ्यात वाईट क्षेत्ररक्षक आहे. आकडे कुठून घेतले तेही खाली बारीक अक्षरात दिलंय. तुझ्या कंपनीचं नाव! मासळीवाल्या कितानीने भिंग लावून मला ते वाचून दाखवलं आणि वर म्हणतो कसा, "हात्सुएबाई, तोफ तुमच्याच घरातून डागलीय म्हणायची."

अगं, सेनबा! खेळाडूंच्या वसतिगृहात मी उभी हयात भात शिजवला, शेकडो पोरं जेवू घातली. पण सेनबासारखं पोर दुसरं नाही. अठराव्या वर्षी आला तेव्हा पहिला आठवडाभर जेवताना रडायचा आणि रडता रडता तीन वाट्या भात खायचा. हिगाकी त्याच्या खोलीतला थोरला. त्याने सेनबाला स्वतःचा ग्लोव्ह दिला, ग्लोव्हला तेल कसं चोळायचं ते शिकवलं, आणि घरी फोन करायला पाठवलं. आज तोच हिगाकी तिसऱ्या बेसवर उभा असतो आणि त्याच्या डाव्या हाताला, दुसऱ्या बेसच्या अलीकडे, शॉर्टस्टॉपच्या जागी सेनबा. इतकी वर्षं शेजारी-शेजारी खेळताहेत. तू सुट्टीत यायचीस तेव्हा हाच सेनबा तुला अंगणात तासन्‌तास चेंडू घरंगळवून द्यायचा, विसरलीस? तुझ्या पुढच्या दाताचा तुकडा अजून तिथेच कुठेतरी असेल.

यंदा त्याच्या हातून एक चेंडू सुटला नाही, एक फेक वाकडी गेली नाही. मग वाईट कसा? त्याला एकतिसावं लागलंय. खालच्या संघात एक तरणाबांड शॉर्टस्टॉप टपून बसलाय. कितानी म्हणतो, असंच चाललं तर उन्हाळी सुट्टीनंतर सेनबाला खाली पाठवतील आणि ऑक्टोबरात तो फोन येईल: उद्या सूट घालून कचेरीत ये. त्या फोनचा अर्थ 'आता संघाला तुझी गरज नाही' असा असतो, हे माझ्याएवढं कोणाला ठाऊक? किती पोरांच्या टायच्या गाठी मीच बांधून दिल्यात.

मी निवृत्त झाले तेव्हा संघाने मला स्टेडियममध्ये कायमची जागा दिली, ती तिसऱ्या बेसच्या बाजूला, जाळीच्या जाड खांबामागे. तरी खांबाच्या अलीकडून-पलीकडून जेवढं दिसतं तेवढं मी बघते. तुम्ही टोकियोत बसून काय बघता ते जरा मला कळव.

वाळवलेली मासळी पाठवते आहे. मी रागावले असले तरी खा.

तुझी
हात्सुए आत्या


टोकियो
२४ मे २०१७

ती. आत्यास,

मासळी पोहोचली. तिला रागाची चव अजिबात नव्हती, त्यामुळे दोन दिवसांत संपली.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आम्ही रोज दुपारपासून पडद्यासमोर बसतो आणि लीगमधला प्रत्येक सामना बघतो. प्रत्येक फटका थांबवून, मागे नेऊन पुन्हा पाहायचा. मैदानाचे आम्ही बारीक बारीक तुकडे पाडले आहेत. चेंडू कुठल्या तुकड्यातून गेला, सरपटत गेला की उडत, हळू की मध्यम की जोरात, हे टिपायचं. एकाने टिपलं की दुसरा तपासतो. असं वर्षानुवर्षं केल्यावर कळतं की अमुक तुकड्यातून अमुक वेगाने जाणारा चेंडू साधारण शॉर्टस्टॉप दहातून किती वेळा अडवतो. सेनबाने त्याहून जास्त अडवले तर जमा, कमी अडवले तर वजा. मग त्या जमा-वजेच्या धावा करायच्या. या माणसाने क्षेत्ररक्षणात संघाच्या इतक्या धावा वाचवल्या, किंवा घालवल्या.

तू म्हणतेस त्याच्या हातून चूक नाही. आत्या, जो चेंडूपर्यंत पोहोचलाच नाही त्याच्या नावावर चूक लागेलच कशी? तुझ्या वसतिगृहात तो एक पिचर होता बघ, जेवण झालं की हळूच सटकायचा. तूच म्हणायचीस, "याच्या हातून कधी ताट फुटत नाही, कारण हा ताट उचलतच नाही!" आमचा सगळा खटाटोप ती न उचललेली ताटं मोजण्यासाठी आहे.

सेनबाच्या डावीकडून, दुसऱ्या बेसवरून मागच्या गवतात जाणारे चेंडू यंदा फार निसटताहेत. त्यातले कितीतरी मी स्वतः टिपलेत. दर वेळी वाटतं की जरा इकडचं तिकडे लिहावं. लिहीत नाही, पण वाटतं. दुसरीकडे हिगाकीदादाचा आकडा एवढा वर गेलाय की आमच्या खोलीत सगळे चाट पडलेत. सदतिसाव्या वर्षी मैदानाच्या कडेच्या रेषेलगतचे चेंडू असे अडवतोय की पंचविशीतल्यांनी लाजावं.

जुलैअखेर आम्ही संघाला अहवाल देतो. त्यात सेनबाचं नाव सहावं लिहायचं काम माझ्याकडे आहे. आत्या, मला त्याचं जराही सुख नाही गं. तो तुकडा पडलेला दात घेऊन मीच रडत होते आणि तो घाबरून माझ्याहून जास्त रडत होता, ते मी विसरलेली नाही.

तुझी
मिनाए


शिओहामा
२० जून २०१७

चि. मिनाए,

पाऊस लागलाय, घरात सगळं ओलं-ओलं, टॉवेलसुद्धा वाळत नाहीत.

तुझं पत्र कितानीला वाचून दाखवलं. ताटांचं त्याला पटलं. मलाही पटलं, पण तसं त्याला सांगितलं नाही.

रविवारी हिगाकी येऊन गेला. कलिंगड घेऊन आला होता. दारातूनच ओरडला, "मावशी, भूक लागलीय!" दोन मुलींचा बाप झाला तरी ओरडणं तेच. पण मोठा माणूस झालाय हं आता. पूर्वी आला की चटईवर फतकल मारायचा. आता म्हणतो, "मावशी, ते स्टूल दे बरं." मी भाजी निवडायला घेते ना, ते लाकडी! एवढा धिप्पाड गडी त्या टीचभर स्टुलावर बसून, वाकून वाकून जेवला. मी म्हटलं, "पेपरात फोटो आला म्हणून चटई टोचायला लागली का रे?" तर नुसता हसला. जाताना दाराची चौकट धरून उगाच बागेकडे बघत रेंगाळला. माझ्या बागेत बघण्यासारखं काय आहे? चार वांगी.

तुझ्या आकड्यावर फार खूश आहे. "मावशी, म्हातारपणी मला नवे पाय फुटलेत! मिनाएनेच मोजलंय!" म्हणून मला दोनदा ऐकवलं. सेनबाची मात्र काळजी करत होता. "डावीकडचे चेंडू सोडतोय तो. आता मीच त्याला झापणार आहे," म्हणाला. सेनबा स्वतः आलेला नाही. लाज वाटत असेल पोराला.

एक गोष्ट तेवढी यंदा बरी घडली. माझ्या जागेवरून सेनबा मला कधी दिसायचाच नाही. हिगाकी दिसायचा, दुसरा बेस दिसायचा, पण पिचर चेंडू टाकायच्या वेळी सेनबा नेमका खांबाआड. चेंडू उडाला की खांबातून बाहेर पडायचा. यंदा पहिल्या सामन्यापासून तो मला लख्ख दिसतो. गुडघ्यांवर हात, जीभ बाहेर, नवा आला तेव्हा उभा राहायचा तस्सा. खांब हलवला की काय कोण जाणे. मी देवळात जाऊन हात जोडून आले.

मिनाए, एक विचारू? एवढ्या हजारो चेंडूंतले दोन-चार त्याच्या बाजूने नाही का लिहिता येणार? कोणाला कळणार आहे?

तुझी
हात्सुए आत्या


टोकियो
२५ जून २०१७

ती. आत्यास,

खांब असे हलत नाहीत गं!

तरी मी स्टेडियमच्या कचेरीत फोन करून विचारलं. तिकडच्या माणसाने मला वेडी ठरवलं असणार, पण खांब जिथे होता तिथेच आहे. तुझी जागाही तीच. मग हललं कोण?

आम्ही सामने बघतो ते टीव्हीवर दाखवतात तेच. पिचर चेंडू टाकतो तेव्हा पडद्यावर काय असतं? पिचरची पाठ, फलंदाज आणि त्याच्यामागे बसलेला कॅचर. फटका बसला की कॅमेरा वळतो, आणि तोवर सेनबा पळत सुटलेला असतो. तो निघाला कुठून, हे आम्हाला कधी दिसतच नाही. शॉर्टस्टॉप शॉर्टस्टॉपच्याच जागी उभा होता असं आम्ही धरून चालतो.

सेनबा तिसऱ्या बेसकडे सरकून उभा राहतोय, आत्या. म्हणून दुसऱ्या बेसकडच्या चेंडूंपर्यंत तो पोहोचत नाही. आणि हिगाकीदादाच्या डावीकडचं सगळं तोच झाकतोय. हिगाकीदादाला डावीकडे धावावंच लागत नाही, त्यामुळे तो रेषेला चिकटून उभा राहू शकतो आणि तिकडचे चेंडू अडवतो. त्याला नवे पाय फुटलेले नाहीत. त्याचा गुडघा गेलाय. चटई टोचत नाही त्याला, खाली बसताच येत नाही. बागेकडेही तो बघत नव्हता. चौकट धरून पाय मोकळा होण्याची वाट बघत होता.

आतल्या फळीत कोणी कुठे उभं राहायचं ते प्रशिक्षकांनी त्या दोघांवरच सोडलंय, आणि सेनबा मरेल पण बोलणार नाही. ज्याने आपला ग्लोव्ह दिला त्या थोरल्याचा गुडघा गेलाय हे तो कुठल्या तोंडाने सांगेल? त्यापेक्षा सहावा नंबर त्याला परवडतो.

पूर्ण मैदानाचं चित्रीकरण संघाकडे असतं, ते मागवता येतं. ते मागवलं तर सेनबाच्या आकड्याचं कारण सापडेल, पण हिगाकीदादाचा गुडघा कागदावर येईल आणि त्याचं खेळणं तिथेच थांबेल. नाही मागवलं तर सेनबा जाईल. दोघांनी मला खांद्यावर बसवून फटाके दाखवलेत. मला काही सुचत नाही.

तू कोणाजवळ बोलू नकोस. कितानीकाकांजवळ तर मुळीच नाही.

तुझी
मिनाए


शिओहामा
९ जुलै २०१७

चि. मिनाए,

कितानीला एक अक्षर बोलले नाही. त्या दोघांनाच बोलले.

ओरडू नकोस, आधी वाच. तुझं पत्र वाचून मी दोन दिवस स्वतःवर चरफडत होते. एवढी पोरं वाढवली आणि गुडघा दुखणारा माणूस मला गर्विष्ठ वाटला! मग सोमवारी, सामना नव्हता तेव्हा, दोघांना जेवायला बोलावलं. आणि ते स्टूल न्हाणीघरात लपवून ठेवलं.

हिगाकी आला, इकडेतिकडे बघितलं. "मावशी, स्टूल कुठंय?"

"मोडलं."

"मग आज उभ्याने जेवतो. उकडतंय नाहीतरी."

मी काही म्हणायच्या आत सेनबा उठला. कपाट उघडलं, बसायच्या सगळ्या गाद्या काढल्या, एकावर एक रचून भिंतीशी ठेवल्या, वर हात दाबून बघितलं आणि परत आपल्या जागी येऊन बसला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. हिगाकीने त्या गाद्यांकडे बघितलं, मग सेनबाकडे.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"काय, दादा?"

"माझा गुडघा."

"भात वाढू का?" सेनबा म्हणाला.

मग मीच सांगितलं. खांबाचं, टीव्हीचं, तुझ्या तुकड्यांचं, सगळं. तुझ्याएवढं नीट सांगता आलं नाही, पण त्यांना कळलं.  हिगाकीला खरंच माहीत नव्हतं गं! त्याला वाटत होतं की यंदा डावीकडे चेंडूच येत नाहीत.

"म्हणजे माझ्याकडे न आलेले सगळे चेंडू..."

"मी वाटेत होतो, दादा."

"आणि मी गाढव गावभर सांगत सुटलो की मला पाय फुटलेत! अरे, परवा बसमध्ये सगळ्यांदेखत तुला झापलं मी. डावीकडचे सोडतोस म्हणून. आणि तू मान खाली घालून म्हणालास, चुकलं."

"सुटले होतेच की."

हिगाकीने शेजारचा पेपर उचलला, गुंडाळला आणि सेनबाच्या डोक्यात हाणला. मग पेपर टाकला आणि हात तसाच त्याच्या डोक्यावर ठेवून बसला. "तुझ्या बायकोला काय सांगणार होतास रे, ऑक्टोबरात? सूट घालून निघताना?"  सेनबाला रडू आलं, मग त्याचं बघून हिगाकीला आलं, आणि मला तर केव्हाचंच आलं होतं. पण सेनबाने रडता रडता तीन वाट्या भात खाल्ला हे मुद्दाम लिहिते.

जाताना हिगाकी म्हणाला, "मिनाएला कळव, उद्याचा सामना नीट बघ म्हणावं." पण पत्र एका दिवसात कसं पोहोचणार? म्हणून कितानीच्या दुकानातून तुला फोन केला, तो हाच. तेव्हा मी इतकी घाईत का होते ते आता कळलं असेल. कितानी कान देऊन उभा होता.

तुझी
हात्सुए आत्या


टोकियो
१६ जुलै २०१७

ती. आत्यास,

मी काय सांगितलं होतं आणि तू काय केलंस! फोनवर तू फक्त "बघ, नीट बघ" एवढंच ओरडून ठेवून दिलास तेव्हा मला वाटलं कितानीकाकांच्या दुकानाला आग लागली.

मी बघितला तो सामना. तू जागेवर होतीसच, तरी मला काय दिसलं ते सांगते. पहिला चेंडू पडायच्या आधी हिगाकीदादाने हात वर करून खेळ थांबवला. असं काही झालं की कॅमेरा जातोच तिकडे. तो चालत सेनबाकडे गेला, त्याच्या छातीवर ग्लोव्ह टेकवला आणि त्याला मागे ढकलत ढकलत दुसऱ्या बेसकडे नेलं. मग बुटाने मातीत रेघ मारली आणि बोट दाखवलं. समालोचक म्हणाला, "दोघांत काही वाद झालेला दिसतोय." मी एकटीच पडद्यासमोर तोंड दाबून बसले होते.

पाचव्या डावात व्हायचं तेच झालं. चेंडू हिगाकीदादाच्या डावीकडे आला. फार जोरातही नव्हता. तो दोन पावलं गेला आणि गुडघा मुडपून तिथेच बसला. दोन धावा गेल्या. आत्या, तो चेंडू टिपायची पाळी माझी होती. मी लिहिलं: तिसरा बेस, डावी बाजू, सरपटत, मध्यम वेग, अडवला नाही. डोळे पुसून पुन्हा तपासलं. बरोबर होतं. सातव्यात सेनबाने दुसऱ्या बेसमागचा चेंडू अंग झोकून काढला आणि बसल्या बसल्या फेकला. तोही मीच टिपला. कॅमेरा वळला तेव्हा हिगाकीदादा लंगडत लंगडत ग्लोव्हवर टाळ्या वाजवत होता.

दुसऱ्या दिवशी तो आपणहून संघाच्या व्यवस्थापकांकडे गेला आणि सगळं सांगितलं. आमच्या साहेबांना फोन करून पूर्ण मैदानाचं चित्रीकरण बघा असंही त्यानेच सुचवलं. आम्ही चार दिवस तेच बघतोय. अहवालात सेनबाचं नाव अजूनही सहावं आहे. ते मी बदललं नाही, साहेबांनीही नाही, कारण चेंडू खरोखरच निसटले होते. पण त्याखाली एक पान जोडलंय. तो कुठे उभा होता, तिथून त्याने काय काय अडवलं आणि ते कोणाच्या वाट्याचं होतं. साहेब म्हणाले, "हे पान तूच लिही." आजवर इतक्या आनंदाने मी काही लिहिलेलं नाही.

पुढे काय होईल ते संघाच्या हातात.

तुझी
मिनाए


शिओहामा
४ ऑक्टोबर २०१७

चि. मिनाए,

आज ऋतूबद्दल लिहिते. आकाश स्वच्छ आहे, वारा गार आहे, आणि सेनबाला फोन आलेला नाही. कितानी म्हणतो आता येणारही नाही. पुढच्या वर्षीचा करार ठरलासुद्धा, सेनबा बायकोला घेऊन येऊन पाया पडून गेला.

काल हिगाकीचा शेवटचा सामना झाला. ऑगस्टभर बाकावर बसलेला माणूस, पण काल पहिल्या डावात त्याला तिसऱ्या बेसवर उभं केलं. एकच चेंडू आला, नेमका रेषेलगत, आणि त्याने तो काढला! तू टिपला असशीलच. मग निरोप म्हणून सगळ्यांनी उचलून त्याला हवेत उडवलं. गुडघ्याला लागू नये म्हणून सेनबाने पाय धरला होता, त्यामुळे तो नीट उडालाच नाही, वाकडा झाला आणि सगळे हसत सुटले. येत्या वसंत ऋतूपासून तो वसतिगृहात राहून नव्या पोरांना सरपटते चेंडू मारून सराव देणार आहे. नव्या स्वयंपाकीणबाईंना मी एक उंच स्टूल देऊन आले.

त्याने संघाकडे माझ्याबद्दलही शब्द टाकला. कचेरीतला तरुण येऊन म्हणाला, "मावशी, तुम्हाला खांबामागची जागा दिली ही आमची चूक झाली. पुढची, मोकळी जागा देतो." मी नको म्हटलं. तो बिचारा वाकून वाकून माफी मागत होता आणि मी नको, नको म्हणत होते.

काल सबंध सामन्यात, चेंडू टाकायच्या वेळी, सेनबा मला एकदाही दिसला नाही. हिगाकी उतरल्यावर तिथे नवीन पोरगा आला, तो दिसत होता. दुसरा बेस दिसत होता. मधे फक्त खांब. आठव्या डावात खांबातून तो डावीकडे असा बाहेर पडला, चेंडू उचलला, फेकला, आणि परत खांबाआड जाऊन उभा राहिला. मी उठून टाळ्या वाजवायला लागले ते थांबेचना.

शेजारची बाई म्हणाली, "आजी, खांबाला टाळ्या?"

म्हटलं, "हो. आमच्या घरचाच आहे."

तुझी
हात्सुए आत्या